गवत जड, चिकू हलका

दिवाळी उलटली की राष्ट्रीय महामार्ग ४८ वर तलासरी ते चारोटीच्या पट्ट्यात दोन तऱ्हेच्या पिकअप मुंबईकडे निघालेल्या दिसतात. एकीत घोलवड-बोर्डीकडच्या वाड्यांतले चिकू असतात. क्रेटवर क्रेट रचलेले, वर ताडपत्री, मागची चाकं दबलेली. दुसरीत सुकं गवत. ते हौद्याच्या बाहेर दोन्ही बाजूंना फुगलेलं असतं आणि केबिनच्या वर आणखी एक केबिन बसेल इतकं चढलेलं असतं. हे गवत मुंबईकडच्या तबेल्यांत जातं. चिकूच्या गाडीत दीड टन माल आहे असं धरू. गवताच्या गाडीत जेमतेम आठशे किलो.

कोणाला डिझेल जास्त लागेल?

दहापैकी नऊ जण चिकूकडे बोट दाखवतात, कारण ओझं जास्त म्हणजे खर्च जास्त हे आपल्या अंगात मुरलेलं आहे. डोक्यावर हंडा घेऊन चालणाऱ्याला ते कुणी शिकवावं लागत नाही. पण गवताची गाडी चालवणारा ड्रायव्हर वेगळं सांगेल: गवत भरलं की ॲव्हरेज पडतं, चिकूपेक्षाही जास्त पडतं. त्याचं बरोबर आहे. का बरोबर आहे, हे एकदा समजलं की हल्ली अनेक हौशी पर्यटक विचारतात त्या प्रश्नाचंही उत्तर मिळतं: पिकअपच्या मागे झोपायची, स्वयंपाकाची सोय असलेला कॅम्पर ट्रेलर जोडून समुद्रकिनारी गेलं, तर डिझेलचं काय होईल?

१. ओढ मोजायचा काटा

हिशेब करायचा तर आधी मोजायचं काय ते ठरवू. शाळेच्या प्रयोगशाळेत तानकाटा असतो: स्प्रिंगला अडकवलेला आकडा, ओढला की काटा सरकतो. कल्पना करा की पिकअपचं इंजिन बंद आहे, गिअर न्यूट्रलमध्ये आहे आणि पुढच्या हुकाला दोर बांधून दुसरी गाडी तिला एकाच वेगाने ओढते आहे. दोराच्या मधोमध एक मोठा तानकाटा आहे. त्यावर ५० किलो दिसले, तर त्या वेगाला गाडी चालू ठेवायला ५० किलोची ओढ लागते. पन्नास किलोचं पोतं दोराला टांगलं तर दोराला जितका ताण बसेल, तितका.

स्वतःच्या बळावर धावणाऱ्या गाडीत हीच ओढ इंजिन पुरवतं. म्हणून ‘डिझेल किती लागेल’ या प्रश्नाचा पहिला अर्धा भाग ‘काट्यावर किती किलो दिसतील’ हा आहे. गाडीचं वजन दोन टन असलं तरी काट्यावर दोन टन कधीच दिसत नाहीत. ते वजन रस्त्याने पेललेलं असतं. आपल्याला ते उचलायचं नसून फक्त पुढे न्यायचं असतं.

सपाट रस्त्यावर, एका वेगाने जाताना ही ओढ फक्त दोघं मागतात. एक चाकं, दुसरा वारा.

२. चाकांची मागणी

लांबून आलेल्या गाडीच्या टायरला हात लावला तर तो गरम लागतो. ती उष्णता डिझेलमधूनच आलेली असते. टायर जमिनीला टेकतो तिथे वजनाखाली चपटा होतो, पुढे सरकला की पुन्हा गोल होतो. दाबताना जितकी ऊर्जा गेली तितकी सुटताना परत मिळत नाही. मधला फरक रबरात उष्णता होऊन राहतो. वजन दुप्पट केलं की टायर जास्त चपटा होतो आणि हा तोटाही साधारण दुप्पट होतो.

चांगल्या डांबरी किंवा काँक्रीटच्या रस्त्यावर, हवा नीट भरलेली असताना, टनामागे सुमारे १२ किलोची ओढ लागते. एवढंच. रिकामी पिकअप ड्रायव्हरसह पावणेदोन टन धरली तर चाकांची मागणी २१ किलो. चिकू भरल्यावर एकूण सव्वातीन टन, म्हणजे ३९ किलो. गवताची गाडी अडीच टनांच्या किंचित वर, म्हणजे ३१ किलो. महामार्गाच्या या पट्ट्यावर अलीकडे काँक्रीटचा थर चढला आहे, त्यामुळे हे आकडे तिथे रास्त आहेत. वाडीतल्या मुरमाच्या वाटेवर ते बरेच वाढतात आणि बोर्डीच्या सुक्या वाळूत तर टनामागे दीडशे-दोनशे किलोपर्यंत जातात. किनाऱ्यावर गाडी उतरवण्याची हौस करणाऱ्यांना ट्रॅक्टर बोलवावा लागतो, तो यामुळेच.

चाकांच्या मागणीत एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. तिला वेगाशी फारसं देणंघेणं नाही. ताशी ४० ने जा की ८० ने, काटा जवळपास तिथेच राहतो.

३. वाऱ्याची मागणी

बोर्डीचा समुद्र उथळ आहे. ओहोटीला पाणी लांब जातं आणि बरंच आत गेलं तरी कमरेच्या वर येत नाही. त्या कमरेएवढ्या पाण्यात सावकाश चालून पाहा, काही वाटत नाही. आता धावायचा प्रयत्न करा. वजन तेच, पाणी तेच, पण छातीने भिंत ढकलतो आहोत असं होतं. गाडी हवेत हेच करते. हवा पाण्याहून खूप विरळ असल्यामुळे सायकलच्या वेगाला तिची भिंत फारशी जाणवत नाही. साठ-सत्तरच्या पुढे ती जाणवायला लागते.

या भिंतीचा नियम असा: वेग दुप्पट केला की वाऱ्याची ओढ चौपट. कारण सोपं आहे. दुप्पट वेगाने गेलात तर दर सेकंदाला दुप्पट हवा अंगावर येते आणि त्यातल्या प्रत्येक कणाला दुप्पट वेगाने बाजूला सारावं लागतं. दोनाला दोनाने गुणलं की चार.

दुसरी गोष्ट आकाराची. ताशी ६० ला एक मीटर लांब, एक मीटर रुंद सपाट फळी वाऱ्यासमोर धरली, तर तिच्यावर सुमारे २० किलोची ओढ येते. फळी दुप्पट मोठी केली की ४० किलो. पुढचा भाग गोलसर केला तर कमी, चौकोनी ठेवला तर जास्त. मागच्या बाजूलाही तितकंच महत्त्व आहे, आणि ते सहसा कुणी ध्यानात घेत नाही. गाडी पुढे गेली की तिच्या पाठीमागे हवा लगेच भरून येत नाही. तिथे भोवरे उठतात, दाब कमी होतो आणि गाडी जणू मागून खेचली जाते. पाठ जितकी उंच आणि सपाट, तितकं हे खेचणं जास्त. पावसात ट्रकच्या मागून उडणारे पाण्याचे तुषार गाडीच्या पाठीला चिकटल्यासारखे मागे फिरताना पाहिलेत ना, ती हीच जागा.

वजनाचा मात्र या सगळ्यात कुठेच उल्लेख आलेला नाही. वाऱ्याला गाडीत काय भरलंय याच्याशी काही देणंघेणं नाही, त्याला फक्त आकार दिसतो.

४. आता दोन्ही गाड्या काट्यावर

ताशी ६० चा वेग धरू. पुढचे आकडे एका साधारण पिकअपचे, हिशेबापुरते धरलेले आहेत. तुमच्या गाडीत ते थोडे इकडेतिकडे होतील, पण त्यांचं एकमेकांशी असलेलं नातं बदलणार नाही.

रिकामी पिकअप: चाकं २१, वारा २७, एकूण ४८ किलो.

चिकूची पिकअप: चाकं ३९. क्रेट केबिनच्या थोडे वर गेल्यामुळे वारा ३४. एकूण ७३ किलो.

गवताची पिकअप: चाकं ३१. पण ढीग रुंदीला आणि उंचीला गाडीच्या बाहेर, अंग खरखरीत, पाठ सपाट, वारा ६८. एकूण ९९ किलो.

आठशे किलो गवत दीड टन चिकूपेक्षा २६ किलो जास्त ओढायला लावतं. ड्रायव्हर म्हणतो ते हेच.

काट्यावरचे किलो डिझेलमध्ये कसे आणायचे? एक लिटर डिझेलमध्ये ऊर्जा असते सुमारे १० युनिट, म्हणजे वीजबिलावर छापलेले असतात तेच युनिट. त्यातली बरीचशी ऊर्जा रेडिएटर आणि सायलेन्सरमधून उष्णता होऊन निघून जाते. शिवाय इंजिनाला स्वतःला फिरत ठेवायलाही काही लागतं: पिस्टनचं घर्षण, तेलाचा पंप, पाण्याचा पंप, अल्टरनेटर. हे सगळं धरून एक कामचलाऊ नियम करता येतो. दर किलोमीटरला इंजिन स्वतःसाठी २५ मिलिलिटर खातं, आणि वर दर १० किलो ओढीमागे ८ मिलिलिटर.

रिकामी गाडी: २५ अधिक ३८, म्हणजे ६३ मिलिलिटर; लिटरमागे जवळपास १६ किलोमीटर. चिकू: २५ अधिक ५८, म्हणजे ८३, लिटरमागे १२. गवत: २५ अधिक ७९, म्हणजे १०४, लिटरमागे साडेनऊच्या आसपास.

५. मजुरी वजनावर, भाडं आकारावर

गवत हा या मुलखातला जुना व्यवहार आहे आणि त्याच्या वजनावरून इथे रक्त सांडलेलं आहे. १९४५ साली तलासरी, डहाणू आणि उंबरगावच्या वारल्यांनी किसान सभेच्या झेंड्याखाली जे आंदोलन केलं, त्यात वेठबिगारीबरोबरच गवतकापणीचा दर ही मोठी मागणी होती: पाचशे पौंडांमागे अडीच रुपये. पाचशे पौंड म्हणजे सव्वादोनशे किलोच्या आसपास. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर गोळीबार झाला. गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात त्या काळाची हकिकत लिहिली आहे. आपल्या विषयापुरतं त्यातलं एवढंच पाहू की कापणाऱ्याची मजुरी वजनावर ठरत होती. कापणाऱ्याच्या हातांना ते वजनच जाणवतं.

पण तेच गवत गाडीत चढलं की वजनाची सत्ता संपते. तिथे जागा मोजली जाते. सुटं सुकं गवत इतकं पोकळ असतं की आठशे किलोला बारा घनमीटरच्या आसपास जागा लागते. हौद्याचा तळ साडेचार चौरस मीटरचा धरला, तर ढीग पावणेतीन मीटर उंच होतो, आणि तो तसा राहत नाही म्हणून बाजूंना ओघळतो. (असं बाहेर आलेलं ओझं नियमात बसत नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनंतर त्याचा दंड ₹२०,००० आहे. रस्त्यावर नजर टाकली तर हा आकडा फार जणांना माहीत असावा असं वाटत नाही.)

यावरचा जुना इलाज म्हणजे गवत दाबून त्याच्या गासड्या बांधणं. वखारीत गवत दाबतात ते नीट रचता यावं म्हणून, जागा वाचावी म्हणून, हे सगळ्यांना दिसतं. डिझेलच्या बाजूने पाहिलं तर त्याचा आणखी एक फायदा आहे. तेच आठशे किलो दाबून पाच घनमीटरांत बसवले, तर ढीग हौद्याच्या तळापासून मीटर-सव्वामीटर उंच होतो, म्हणजे जवळपास केबिनइतकाच. वाऱ्याची ओढ ६८ वरून ३७ च्या आसपास येते, एकूण ओढ ६८ किलो, आणि लिटरमागे साडेबारा किलोमीटर मिळतात. वजनात एक काडीही कमी न करता. वरून, उरलेल्या जागेत आणखी गासड्या चढवता येतात ते वेगळंच.

६. अर्ध्या तासाची किंमत

तलासरीपासून मुंबईच्या वेशीपर्यंतचं अंतर १२० किलोमीटर धरू. ताशी ६० ने दोन तास, ताशी ८० ने दीड तास. मालवाहू गाड्यांना महामार्गावर ८० चीच मर्यादा आहे, म्हणजे दोन्ही वेग कायद्यात बसतात.

६० वरून ८० वर गेलं की वेग एक तृतीयांशाने वाढतो, पण वाऱ्याची ओढ पावणेदोन पटींच्या वर जाते. गवताच्या गाडीचा वारा ६८ वरून १२१ किलो होतो. चाकांचे ३१ मिळवले की १५२. किलोमीटरला १४७ मिलिलिटर, लिटरमागे सातालाही थोडं कमीच. पूर्ण प्रवासात ६० ला साडेबारा लिटर लागले असते, तिथे साडेसतरा लागतात. डिझेल ₹९० लिटर धरलं तर अर्धा तास वाचवायला साडेचारशे रुपये मोजले. चिकूच्या गाडीने हाच अर्धा तास वाचवला तर जास्तीचे अडीचच लिटर लागतात. ज्याचा वारा मोठा, त्याला घाई महाग पडते.

समोरून येणारा वाराही वेगात मिळवायचा. गाडी ६० ने जाते आहे आणि समोरून १५ चा वारा आहे, तर हवेच्या दृष्टीने गाडी ७५ ने जाते आहे. गवताच्या ढिगावर ६८ ऐवजी १०६ किलो येतात आणि साडेनऊचं ॲव्हरेज साडेसातच्या खाली घसरतं. एकाच गाडीचं, एकाच रस्त्यावरचं, तेवढ्याच मालाचं ॲव्हरेज सोमवारी एक आणि गुरुवारी दुसरं येतं, तेव्हा पंपवाल्यावर संशय घेण्याआधी हे आठवावं. मुंबईकडे जाणारी गाडी दक्षिणेला तोंड करून असते. पावसाळ्यातला नैर्ऋत्येचा वारा तिला आडवा येतो, हिवाळ्यात उत्तरेकडून गार वारा सुटला तर तोच पाठीशी असतो. सुक्या गवताचा हंगाम पावसानंतरचा, हे त्या धंद्याचं नशीब.

७. वजन आपला सूड कुठे घेतं

इथवर वाचून वजन काहीच नाही असं वाटू लागलं असेल तर डहाणूहून बोर्डीकडे किनाऱ्याच्या रस्त्याने चिकूची गाडी चालवून पाहा. गावं, शाळा, स्पीडब्रेकर, वळणं, म्हशी. थांबलेली गाडी पुन्हा वेगात आणायला जी ऊर्जा लागते ती वजनावर ठरते, आणि ब्रेक दाबला की ती सगळी ब्रेकमध्ये उष्णता होऊन संपते. सव्वातीन टनांची गाडी शून्यावरून ६० वर आणायला सुमारे ३७ मिलिलिटर डिझेल जातं. म्हणजे दर थांब्याला जवळपास अर्धा किलोमीटर जास्त चालल्यासारखं. दहा वेळा थांबलात की पाच किलोमीटरचं डिझेल गेलं. इथे गवताची गाडी हलकी म्हणून सरस ठरते, आणि वेग कमी असल्यामुळे वाराही तिला फार छळत नाही.

खरा सूड घाटात. शंभर मीटर चालल्यावर एक मीटर चढला, तर टनामागे १० किलोची जास्तीची ओढ. शंभराला पाच मीटर चढणारा घाट असेल तर टनामागे ५० किलो. चिकूच्या सव्वातीन टनांना एकशे साठ किलोंच्या वर, आणि हे चाकांच्या ३९ किलोंशिवाय. कासा सोडून जव्हारकडे जाताना गाडी एकंदर चारशे मीटरच्या आसपास वर चढते. एक टन वजन चारशे मीटर उचलायला साधारण एक युनिट ऊर्जा लागते, आणि इंजिन तिच्यासाठी एक तृतीयांश लिटर डिझेल घेतं. सव्वातीन टनांना लिटरभर. तीस-चाळीस किलोमीटरच्या त्या रस्त्यावर हा लिटर नेहमीच्या खर्चाच्या वरचा असतो.

गवताचा प्रवास मात्र बहुधा उलटा असतो. माळांवर, डोंगरउतारांवर कापलेलं गवत खाली महामार्गाकडे येतं. उंची फुकट मिळालेली असते.

उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये टाकली की डिझेल वाचतं, असं मानणारे ड्रायव्हर अजूनही भेटतात. जुन्या गाड्यांच्या काळातली ही समजूत आहे. आताच्या कॉमन रेल डिझेल इंजिनात गिअर टाकलेला असताना ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला, की डिझेलचा पुरवठा बंद होतो आणि चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिनाला स्वतः फिरत राहायचं असतं, म्हणून त्याला डिझेल लागतंच. आणि भरलेल्या गाडीचे ब्रेक घाटात तापून निकामी झाले तर काय होतं ते सांगायला नको.

८. ॲव्हरेज हा फसवा आकडा

आपल्या हिशेबात सगळ्यात चांगलं ॲव्हरेज कोणाचं आलं? रिकाम्या गाडीचं, १६. आणि सगळ्यात निरुपयोगी फेरीही तिचीच, कारण तिने कुणाचंच काही पोचवलं नाही. मालवाहतुकीत लिटरमागे किती किलोमीटर हे अर्धंच मोजमाप आहे. लिटरमागे किती टन माल किती किलोमीटर गेला, हे विचारायला हवं. ॲव्हरेजला मालाच्या टनांनी गुणायचं, बस्स.

चिकू: १२ गुणिले दीड, म्हणजे १८. सुटं गवत: साडेनऊ गुणिले ०.८, म्हणजे साडेसातच्या थोडं वर. आणि त्यांच्या शेजारून गुजरातकडून न्हावा-शेव्याच्या बंदराकडे जाणारा कंटेनरचा ट्रेलर? तो लिटरमागे साडेतीन किलोमीटर देत असेल तर लोक कपाळाला हात लावतात. पण त्यावर २८ टन माल असेल तर गुणाकार ९८ येतो, चिकूच्या पाचपटीहून जास्त. मोठी गाडी हवेला एकदाच फाडते आणि त्या फटीतून भरपूर माल नेते. डहाणूजवळ वाढवण बंदराची पायाभरणी ऑगस्ट २०२४ मध्ये झाली. ते उभं राहील तेव्हा त्याचा माल पिकअपमधून जाणार नाही, ट्रेलरमधून आणि रेल्वेने जाईल. त्यामागे हाच गुणाकार आहे.

चिकू मुंबईला पोचवून गाडी रिकामी परतली तर १८ चे साधारण १० होतात. परतीचं भाडं मिळवण्यासाठी ड्रायव्हर मार्केटमध्ये दिवस-दिवस का थांबतात, ते यातून कळावं.

९. मागे घर जोडलं तर

आता कॅम्पर ट्रेलर. महाराष्ट्र सरकारने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून चाकांवरच्या घराची चर्चा आपल्याकडे वाढली आहे. बरेच जण स्वतंत्र कॅराव्हॅनऐवजी आहे त्या पिकअपमागे ट्रेलर जोडायचा विचार करतात. (ट्रेलरची नोंदणी वेगळी करावी लागते, आणि गाडी किती ओढू शकते ते कंपनीच्या पुस्तिकेत पाहावं लागतं. जोडणी वेल्डिंगवाल्याकडून करून घेण्याची ही गोष्ट नव्हे.)

विचारणारा पहिला प्रश्न वजनाचा विचारतो: ट्रेलर दीड टनाचा घेऊ की एक टनाचा? वरचा हिशेब ज्याने वाचला तो आधी उंची विचारेल. कॅम्पर ट्रेलर ही जात गवताची आहे, चिकूची नाही. आत माणसाला उभं राहता यावं म्हणून तो उंच, खाट आडवी बसावी म्हणून रुंद, आणि भिंती पातळ, म्हणजे आकाराच्या मानाने हलका.

दीड टनाचा, अडीच मीटरच्या वर उंच असलेला ट्रेलर धरू. माणसं-सामानासह सगळं मिळून साडेतीन टनांच्या आत. चाकांची मागणी ४१ किलो. वाऱ्याचं काय? ट्रेलरचा खालचा भाग गाडीच्या आडोशाला येतो, पण केबिनच्या वर डोकावणारा भाग वाऱ्याला थेट भिडतो, गाडी आणि ट्रेलर यांच्या मधल्या फटीत भोवरे उठतात आणि मागे ती उंच सपाट पाठ असतेच. ताशी ६० ला सगळ्याची मिळून ६० किलो. एकूण १०१. गवताच्या गाडीच्या इतकं जवळ की दोघींना एकच म्हणायला हरकत नाही: लिटरमागे साडेनऊ. ताशी ८० ला वारा १०७, एकूण १४८, लिटरमागे ७. याच वेगाला नुसत्या पिकअपने साडेबारा दिले असते. अमेरिकेत पिकअपमागे ट्रेलर लावून फिरणं घरोघरी चालतं, आणि मोठा ट्रेलर लावला की ॲव्हरेज जवळपास निम्मं होतं हा तिथला सर्वसाधारण अनुभव आहे. आपला हिशेब त्याच्या आसपासच आला.

मग ट्रेलरमधून दोनशे किलो सामान कमी केलं तर? चाकांचे अडीच किलो वाचतील, किलोमीटरला दोन मिलिलिटर. शंभर किलोमीटरला दोनशे मिलिलिटर. गॅसची शेगडी घरी ठेवण्याइतकं ते मोलाचं नाही. त्याऐवजी छत खाली बसवता येणारा, मुक्कामाला उघडायचा घडीचा ट्रेलर घेतला, तर प्रवासात तो केबिनच्या आडोशाला राहतो आणि वाऱ्याची ओढ थेट घटते. गासडी बांधणाऱ्यांनी गवताचं जे केलं तेच.

वजन किती यापेक्षा ते कुठे आहे हे मात्र फार महत्त्वाचं आहे, डिझेलसाठी नाही तर जिवासाठी. ट्रेलरच्या एकूण वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार जोडणीच्या हुकावर यायला हवा. पाण्याची टाकी मागे, पेट्या मागे असं केलं की पुढचा भार कमी होतो, आणि वेगात किंवा बाजूच्या वाऱ्यात ट्रेलर शेपटासारखा हलू लागतो. एखादा कंटेनर शेजारून झपकन गेला तरी तेवढं पुरतं. अशा वेळी पाय ॲक्सिलरेटरवरून काढून वेग आपोआप उतरू द्यायचा, स्टिअरिंगशी झटापट करायची नाही.

मुंबई ते बोर्डी सुमारे दीडशे किलोमीटर. ट्रेलर जोडून ६० ने गेलात तर १६ लिटर, ८० ने गेलात तर साडेएकवीस. पाच-साडेपाच लिटरांचा हा फरक कुठलंही सामान कमी करून निघणारा नाही. त्याहून मोठी बचत बोर्डीला पोचल्यावर होते, आणि ती फक्त ट्रेलरवाल्याला मिळते, अख्खं घर एकाच गाडीत बांधलेल्या कॅराव्हॅनवाल्याला नाही. ट्रेलर सुरूच्या झाडांखाली सोडायचा, चाकांना अडणी लावायची, आणि बहरोटच्या गुंफांच्या पायथ्याशी, विवळवेढ्याच्या महालक्ष्मीला किंवा जव्हारला नुसती पिकअप घेऊन जायचं. जव्हारच्या चढावर दीड टन वजन सोबत नेलं असतं तर एकट्या उंचीसाठी अर्धा लिटर लागला असता. तो सुरूंखालीच राहतो.